दोन किलोंची थाप

“श्वास धरून बस,” शेपटाखालून मी ओरडलो.

“कशाला?” विमानात बसलेला जिनगोंडा म्हणाला.

“तू श्वास घेतलास की काटा हलतोय.”

“दौल्या, श्वास आत घेतला काय आणि बाहेर सोडला काय, वजन तेवढंच राहतंय. आकडा सांग.”

“बावीस.”

“नीट बघ.”

“बावीस म्हणजे बावीस! गुळाच्या पेठेत सतरा वर्षं तोलाई करतोय मी. माझ्या काट्याला अजून कुणी बोट लावलेलं न्हाई.”

हे मी छाती पुढं काढून म्हणालो. छाती पुढं काढायला जागा नव्हती, कारण मी विमानाच्या शेपटाखाली उकिडवा बसलो होतो, पण तरीही काढली.

शहाऐंशी सालच्या माघातली ही गोष्ट. आमच्या हिरंब्यात तेव्हा दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. एक गूळ, दुसरं जिनगोंडा मगदूमचं विमान. तिसरं नाव माझं घेत, पण ते वेगळ्या कारणानं. बावीस मणांची गुळाची ढेप अंगावर पडली आणि मी ती खात खात बाहेर आलो, ही हकिकत पेठेत मीच सांगितली होती. आमच्या बैलाला काट्यावरचे आकडे वाचता येत होते, हीही माझीच. लोक ऐकायचे, चहा पाजायचे आणि पाठ फिरली की ‘थापाड्या दौलू’ म्हणायचे. मला त्याचं काही वाटत नसे. चहा मिळतोय ना.

विमान मात्र थाप नव्हती. जिनगोंडाचं वर्कशॉप होतं, उसाच्या चरकाचे लाट, म्हणजे रस काढायचे लोखंडी रूळ, कातून द्यायचा. त्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये चार वर्षं खपून त्यानं ते उभं केलं होतं. ॲल्युमिनियमचे पाइप, वर ताणून बसवलेलं कापड, कापडावर रंगाचे सात हात, पुढं दोन चाकं, मागं शेपटाखाली एक बारकं चाक, नाकाला दोन सिलिंडरचं इंजिन. सुरू झालं की टिट्टिट्टिट् करत रान उठवायचं, म्हणून गावानं त्याचं नाव ‘टिटवी’ ठेवलं. दर रविवारी शहरातल्या क्लबात जाऊन तो उडवायला शिकला होता. कागदपत्रं रीतसर होती. गावाबाहेरच्या माळावर संस्थानच्या काळातली मुरुमाची धावपट्टी होती, ती आम्ही झाडून घेतली होती. दोन वर्षांत टिटवी साठ तास उडाली, आणि एकदाही कुठं धडपडली नाही.

कारण जिनगोंडा. त्या माणसाचा कशावरच विश्वास नव्हता. प्रत्येक नट आवळला की नटापासून खालच्या पत्र्यापर्यंत लाल रंगाची एक रेघ ओढायचा. नट केसाएवढा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. उडायच्या आधी तो प्रत्येक रेघ बघायचा, आणि टिटवीला अशा रेघा चारशे अकरा होत्या. मी सांगताना चार हजार सांगतो, पण होत्या चारशे अकरा.

माझं काम पंखा फिरवायचं. इंजिनाला स्टार्टर नव्हता. पुढं उभं राहून लाकडी पंख्याला हातानं हिसका द्यायचा आणि उडी मारून मागं सरायचं. दिवाळीत एकदा इंजिननं उलटा झटका दिला आणि पंख्यानं माझ्या डोक्यावरची टोपी नेली. ती टोपी कोल्हापुरात एका वकिलाच्या डोक्यावर जाऊन बसली, असं मी पेठेत सांगितलं. खरं तर ती शेजारच्या बाभळीवर चिंध्या होऊन लटकत होती, आणि माझी बायको हौसा ती चिंधी घेऊन तडक जिनगोंडाकडं गेली होती.

“भावजी,” ती म्हणाली, “टोपी मी दुसरी आणीन. डोस्कं कुठनं आणू?”

दुसऱ्याच दिवशी जिनगोंडानं स्टार्टर मागवला.

स्टार्टर आला म्हणजे बॅटरी आली. बॅटरीला पुढं जागा नव्हती, तिथं तेलाची टाकी होती. म्हणून ती बसवली सीटच्या मागं. आणि बॅटरी मागं गेली म्हणून पुन्हा वजन घ्यायची वेळ आली. पहिल्यांदा त्यानं शहरातून काटा भाड्यानं आणला होता. या वेळी मीच म्हणालो, शहरातला कशाला, आमच्या मालकाचा आहे की, मी आणतो.

आमचे मालक गुरुपादशेठ शेटे, हिरंब्यातले मोठे अडते. त्यांनी काटा आनंदानं दिला. अट एकच घातली, नव्या स्टार्टरवर विमान पहिल्यांदा उडेल तेव्हा नारळ ते फोडणार.

तर रविवारी मी काटा गाडीतून आणला, शेडमध्ये ठेवला, पाणसळ लावून सरळ केला, मागचा नट फिरवून तयार केला, आणि आम्ही एकेक चाक त्यावर चढवून वजन घेतलं. एक चाक काट्यावर, बाकीची तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर. विमान उडताना असतं तसं सपाट धरलेलं, आणि जिनगोंडा आत बसलेला, कारण उडताना तो आत असणारच. पुढची दोन झाली. शेवटी शेपूट बावीस.

खाली उतरून तो वहीत गणित करत बसला. मग त्यानं पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि जमिनीवर खडूनं तीन रेघा मारल्या.

“ही पुढची हद्द. ही मागची. सगळं वजन एका जागी गोळा केलं तर ते ह्या दोन रेघांच्या मधी पडाय पाहिजे. ही तिसरी रेघ म्हणजे आपलं वजन.”

तिसरी रेघ मागच्या हद्दीच्या आत होती. एक बोट आत.

“आणि मागच्या रेघेबाहेर गेलं तर?” मी विचारलं.

“मग जमिनीवरनं उठतंय झकास. वर गेलं की आपणहून नाक वर करतंय. चालवायची काठी पुढं ढकलून मोडली तरी नाक खाली येत न्हाई. वेग संपतोय आणि मग दगडागत.” त्यानं वही मिटली. “शेपूट लांब असतंय, दौल्या. तिथं मूठभर वजन म्हणजे इथं बोटभर सरकतंय.”

“पण आपण आत हाय.”

“आत हाय.” तो तरी वहीकडं बघतच राहिला. “एक कोडं हाय. मागच्या वजनात स्टार्टर आणि बॅटरी मिळवली तर जेवढं भरायला पाहिजे, त्यापेक्षा एकूण सहा किलो कमी भरतंय.”

आता इथं गप्प बसायला काय झालं होतं मला? पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

“वाळलं असंल,” मी म्हणालो. “गूळ न्हाई का वाळत? गुळाचा रवा चार दिवस ठेवला की हलका होतोय. तुझं कापड, रंग, दोन उन्हाळे खाल्लेत त्यांनी.”

जिनगोंडानं माझ्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर लाजला असता. पण मग तोच म्हणाला, “जुना सायलेन्सर काढून हलका बसवलाय, त्यात गेलं असंल.” आणि वही खिशात घातली. तीनदा मोजल्याशिवाय चहात साखर न घालणारा माणूस त्या दिवशी एकदाच मोजून उठला. कारण काटा माझा होता.

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता माळावर ही गर्दी. गुरुपादशेठनी साऱ्या पेठेला सांगितलं होतं. आसपासच्या गावचे गूळवाले शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या घेऊन आले होते, बायका फडक्यात भाकरी बांधून आल्या होत्या. दोनशे माणूस सहज असेल. वारा नव्हता. ऊन कोवळं होतं. शेठ पांढऱ्या कोटात, हातात शेंडीचा नारळ. जिनगोंडा एकेक लाल रेघ बघत विमानाभोवती फिरत होता, त्याला चारशे अकरा बघायच्या होत्या, म्हणून आम्हाला गप्पा मारायला वेळ होता.

“दौलू,” शेठ म्हणाले, “वजन आपल्याच काट्यावर केलंस न्हवं?”

“व्हय मालक.”

“आपल्या पद्धतीनं?” असं म्हणून त्यांनी डोळा मारला आणि स्वतःच्या विनोदावर पोट हलवून हसले.

“व्हय, आपल्या पद्...”

पुढं बोलायच्या आधी मला काट्यामागचा नट आठवला.

आपली पद्धत म्हणजे काय ते सांगतो. रवा म्हणजे गुळाची बारकी ढेप, ती फडक्यात बांधलेली असते. फडक्याचं वजन म्हणून रव्यामागं थोडं वजा धरायचं, त्याला कडता म्हणतात. फडकं भरतं छटाकभर. आमच्या पेढीवर कडता होता अर्धा किलो. एका खेपेला चार रवे काट्यावर चढतात, म्हणजे खेपेला दोन किलो. हे दोन किलो तोंडानं वजा केले तर शेतकरी भांडतो, म्हणून ते काट्यातच वजा केलेले असत. दांडीच्या मागं एक नट असतो. त्याला तीन आटे उलटे दिले की काटा प्रत्येक वजनाला दोन किलो कमी दाखवतो. रोज सकाळी पेढी उघडली की पहिलं काम ते. वर्षातून एकदा शिक्का मारायला साहेब येई, त्या सकाळी तीन आटे सुलटे. सांगितलं मालकानं होतं, पण सतरा वर्षं फिरवला मी. इतका फिरवला की हात आपोआप फिरवायचा, मला विचारत नसे. शेडमध्येही त्यानं मला विचारलं नव्हतं.

म्हणजे शेपूट बावीस नव्हतं, चोवीस होतं.

“मालक,” मी त्यांचा कोट धरला, “विमान थांबवाय पाहिजे. शेपटाला दोन किलो जास्त हायत.”

“दोन किलो?” शेठ म्हणाले. “आरं, त्यात माणूसच बसतोय सत्तर किलोचा. सकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या तर काय विमान पडतंय?”

“मालक, शेपटात हायत ते. मूठभर वजनानं बोटभर सरकतंय. जिनगोंडा मरंल.”

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी विमानाकडं बघितलं, मग गर्दीकडं बघितलं, आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“थांबव की मग. पण ते सांगू नको. सगळी गिऱ्हाइकं हुभी हायत हितं. दुसरं काय तरी सांग. तुला काय कमी हाय व्हय रं सांगायला?”

हे मात्र खरं होतं. जन्मभर मी त्याचीच तयारी करत होतो.

तेवढ्यात माझ्यामागं टिट्टिट्टिट् सुरू झालं. नवा स्टार्टर पहिल्या दमात लागला होता. माझ्याच डोक्यासाठी आणलेला स्टार्टर. गर्दीनं टाळ्या वाजवल्या, आणि मी पळालो.

पंख्यापासून लांबून वळसा घालून मी जिनगोंडाच्या बाजूला पोचलो आणि दोन्ही हात हलवले. त्यानं इंजिन सावकाश केलं, एका कानावरचं फडकं बाजूला केलं.

“काय?”

“चाकात हवा न्हाई!” मी ओरडलो. “डावं चाक बसलंय!”

त्यानं वाकून बघितलं. “सकाळी मोजलीया मी. बाजूला हो.”

“वावटळ येतीया! डोंगरापलीकडं चार म्हशी उचलल्यात, आता टपालवाला निरोप घेऊन आला!”

त्यानं धावपट्टीच्या टोकाला बांबूवर बांधलेल्या, वारा दाखवणाऱ्या कापडी मोज्याकडं बोट केलं. मोजा वाळत घातलेल्या धोतरासारखा सरळ खाली लोंबत होता.

“हौसा चक्कर येऊन पडली!”

त्यानं गर्दीकडं बघितलं. पहिल्याच रांगेत हौसा कपाळावर हात धरून आमच्याकडं बघत ठणठणीत उभी होती. वर तिनं हात हलवला.

“दौल्या,” तो म्हणाला, “तुला भीती वाटतीया ते कळतंय. पण पंखा फिरतोय. लांब हो.”

त्यानं फडकं कानावर ओढलं. इंजिनचा आवाज चढला. टिटवी थरथरली, चाकं हलली. आणि मी पुढं जाऊन पंखाखालचा तिरका पाइप दोन्ही हातांनी कवटाळला. विमान पुढं, मी मागं. पाय मुरुमात रेघा ओढत चालले. तोंडात होती नव्हती तेवढी हवा घेऊन मी बोंबललो. इंजिनच्या वर आवाज जायला हवा म्हणून आईनं पाजलेलं सगळं दूध त्यात घातलं.

नेमकं तेव्हाच जिनगोंडानं मला बघितलं आणि खाडकन इंजिन बंद केलं.

त्यामुळं झालं असं, की माझं वाक्य सुरू झालं आवाजात आणि संपलं शांततेत. साऱ्या माळावर दुसरा आवाज नाही. चिमणी नाही, पोर नाही. एकटं माझं वाक्य धावपट्टीवरून निघालं आणि दोनशे माणसांच्या कानात जाऊन उतरलं:

“...शेठच्या काट्यात दोन किलोंचा कडता हाय!”

शेठच पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

“थाप! दौलूची थाप! आरं, ह्यो तर बैलाला आकडे शिकवणारा!”

लोकांनाही बरं वाटलं. हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, “इमान उडायच्या आधी दौलूच उडाला की!” मी पाइपाला लोंबकळतच होतो. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो होतो आणि मला चहा सोडा, कुणी पाणीही विचारत नव्हतं.

जिनगोंडानं पट्टा सोडला. सावकाश खाली उतरला. माझी बोटं एकेक करून पाइपावरून सोडवली.

“किती म्हणालास?”

“दोन किलो.”

“दोनच?”

“दोनच.”

त्यानं गर्दीकडं तोंड केलं. मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती, पण तेव्हा बोलला.

“मग खरं हाय.”

“कशावरनं खरं?” शेठ म्हणाले.

“शेठ, वीस वर्षं ऐकतोय ह्याचं. ह्याची थाप कधी मणाच्या खाली उतरल्याली न्हाई. दोन किलोंसाठी ह्यो तोंड उघडणार न्हाई.”

पुन्हा हशा झाला, पण या वेळी वेगळा. लोक हसत होते आणि हसता हसता एकमेकांकडं बघत होते. जिनगोंडा माझ्याकडं वळला आणि हळूच म्हणाला, “तीन चाकं. दोन-दोन किलो. ते माझं हरवलेलं सहा किलो सापडलं.”

तेवढ्यात गर्दीतून बायाक्का चौगुले पुढं आली. साठी उलटलेली बाई, आठ एकर ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. पेठेत तिच्या ट्रॉलीला वाट द्यायला माणसं आपणहून बाजूला होत.

“वाद कशाला घालताय?” ती म्हणाली. “काटा कुठं हाय?”

“शेडमधी.”

“माझ्या ट्रॉलीत युरियाचं पोतं हाय. कारखान्यानं शिवल्यालं. पन्नास किलो. चला.”

सगळा माळ शेडकडं चालला. पोतं मीच काट्यावर ठेवलं. दांडी स्थिर झाली. अठ्ठेचाळीस.

आता माझा हात कुणी धरला नव्हता. मी मागं हात घातला आणि नटाला तीन आटे सुलटे दिले. दांडी हलली, डुलली, आणि उभी राहिली. पन्नास.

बायाक्का बोटं मोजायला लागली. “खेपेला चार रवे?”

“व्हय.”

“किती वर्सं?”

“सतरा.”

दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा तिनं मोजणं सोडलं. माझ्याकडं बघून म्हणाली, “आणि फिरवत कोण हुतं?”

“मी.”

“लाज न्हाई वाटली?”

“आज वाटली.”

तिनं मान हलवली आणि शेठकडं वळली. शेठच्या हातात नारळ तसाच होता. “फोडा की आता, शेठ. का त्यातबी कडता हाय?”

शेठनी नारळ फोडला नाही. जीपमध्ये बसताना माझ्याकडं न बघताच म्हणाले, “उद्यापास्नं पेढीवर यायचं न्हाई.” आणि धुरळा उडवत गेले.

शेड रिकामी झाली तसा जिनगोंडा पुन्हा सीटवर चढून बसला.

“घे वजन.”

“माझ्याकडनं घेणार तू?”

“कडता दुसऱ्या कुणाला ठावा हाय?”

पुन्हा तीन चाकं, पुन्हा ओळंबा. शेपूट चोवीस. या वेळी प्रत्येक चाक त्यानं तीनदा मोजायला लावलं, आणि मी श्वासावर एक शब्द बोललो नाही. नवी रेघ खडूनं मारली तेव्हा ती मागच्या हद्दीच्या बाहेर पडली. एक बोट बाहेर. जिनगोंडानं वाकून त्या जागेवर बोट ठेवून बघितलं. मग त्यानं पायानं आधीची रेघ पुसली.

“चूक माझी,” तो म्हणाला. “सहा किलोंचं कोडं सुटलं न्हवतं, तवाच थांबाय पाहिजे हुतं. गूळ वाळला म्हणं!”

“मी काय म्हणतो...”

“तू काय म्हणू नको. स्क्रू-डायव्हर दे.”

मला आता पेढी नव्हती, त्यामुळं दिवसभर स्क्रू-डायव्हर द्यायला मोकळा होतो. तेलाची टाकी चार इंच वर गेली. तिच्याखाली इंजिनामागच्या पत्र्याला जाड पट्टी मारून बॅटरीचा पाळणा तयार झाला. पाळण्यावर त्यानं मला उभं केलं आणि नाचायला लावलं, पट्टी वाकते का बघायला. पट्टी वाकली नाही. मागची लांब वायर काढली, पुढं छोटी आली. प्रत्येक नटाला लाल रेघ. चारशे सतरा झाल्या. पुन्हा वजन. आता आमची रेघ मागच्या हद्दीच्या आत चांगली तीन बोटं होती. पेट्रोल कमी असताना, शेजारी जड माणूस बसलेला असताना, सगळं त्यानं वेगवेगळं करून बघितलं. जड माणूस म्हणून हौसाला बसवलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मान दिला.

मंगळवारी काटा पेढीवर परत गेला, आणि बुधवारी बाजाराचा दिवस. दुपारी गुरुपादशेठ वर्कशॉपच्या दारात उभे. कोट नाही, घाम आलेला.

“दौलू, चल.”

“कुठं, मालक?”

“पेढीवर. सकाळपास्नं बेचाळीस ट्रॉल्या हुभ्या हायत. कुणी रवा खाली उतरवंना.”

“नवा तोलार ठेवलाय न्हवं तुमी?”

“ठेवलाय की. माळकरी माणूस. कधी खोटं बोलला न्हाई. त्याला बघून ती बायाक्का काय म्हणती ठावं हाय? म्हणती, ह्यो खोटं बोलला तर आमाला कळायचं कसं? आमाला दौलूच पाहिजे.” त्यांनी डोळे मिटले. “म्हणती, दौलूची थाप लांबनं वळखू येती.”

जिनगोंडा चरकाच्या लाटावरून मान वर न काढता म्हणाला, “शेठ, काटा घेऊन या हितं.”

काटा आला. जिनगोंडानं शेडमध्येच राहिलेलं युरियाचं पोतं ठेवून पन्नास बघितलं, नट जागेवर बसवला आणि त्याला पितळेचा डाग देऊन कायमचा पक्का केला. वरून लाल रेघ ओढली. शेठ बघत राहिले. जाताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, “चालत येतोस का जीपमधनं?” मी जीपमधून गेलो.

आणि रविवारी सकाळी टिटवी उडाली. या वेळी बोलावणं कुणालाच नव्हतं. माळावर मी, हौसा आणि बायाक्काची ट्रॉली. स्टार्टर लागला, चाकं पळाली, आधी शेपूट उचललं, मग सगळीच. मी बघत होतो फक्त नाक. नाक सरळ होतं. माळाच्या टोकाला ती वळली, उन्हात एकदा चमकली, गावावरून एक फेरी मारली आणि परत येऊन अशी अलगद बसली की मुरुमाला कळलं नसेल.

जिनगोंडा उतरला. मी विचारलं, “कसं काय?”

“वर गेल्यावर मुद्दाम वेग मोडला,” तो म्हणाला. “नाक आपणहून खाली गेलं. जायला पाहिजे तसं.”

“आणि गेल्या रविवारी मोडला असतास तर?”

त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली. अर्धी संपवली. मग बाटली मला दिली आणि रेघा बघायला विमानाखाली वाकला.

संध्याकाळी जेवायला बसलो. हौसानं ताटात भाकरी टाकली आणि विचारलं, “किती वर गेल्ते भावजी?”

“सहाशे फूट.”

तिचा हात हवेतच राहिला. “किती?”

“सहाशे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिनं भाकरीचा हात पदराला पुसला आणि माझ्या कपाळाला लावून बघितला. मग गळ्याला लावला. ताप नव्हता. पण तिचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. म्हणून मी सांगितलं, की वर जिनगोंडाला एक घार भेटली, ती वाट चुकली होती, तिला त्यानं पंखावर बसवून घेतलं आणि पन्हाळ्याच्या तटावर तिच्या माहेरी सोडून आला, म्हणून यायला उशीर झाला.

हौसानं सुस्कारा सोडला. “तसं हाय व्हय,” म्हणाली, आणि आमटी वाढायला घेतली.